‘हितंच हाय’ म्हणजे नेमकं कुठं? इमारतीच्या आत माणूस शोधायचं तंत्र, पहिल्यापासून

दोन वर्षांपूर्वी जांबोटीकडच्या माझ्या मामांना बेळगावातल्या एका मोठ्या दवाखान्यात ठेवलं होतं. मामी औषधं आणायला खाली गेली आणि पाऊण तास झाला तरी परतली नाही. फोन केला तर म्हणाली, "हितंच हाय रे मी, लिफ्टसमोर उभारलेय." त्या इमारतीत लिफ्ट तीन ठिकाणी. पाट्या कन्नड आणि इंग्रजीत, मामीला वाचता येते ती मराठी. शेजारी उभ्या असलेल्या पोरीला सांगून तिनं लोकेशन पाठवलं, ते उघडलं तर निळा ठिपका दवाखान्याबाहेरच्या रस्त्यावर! शेवटी एका आयाबाईनं तिला हाताला धरून वर आणलं. तोवर मामी रडवेली झाली होती.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आमच्या भागात तालुक्याच्या गावांतून बेळगावात येणारी कितीतरी माणसं दवाखान्यात, कचेरीत, कॉलेजात अशीच हरवतात. हे तंत्र शिकणारी पोरं इथंच तयार झाली तर ते इथल्या माणसांच्या भाषेत बोलेल. म्हणून हा लेख अगदी नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. एक अँड्रॉइड फोन, एक वही आणि दोन-तीन संध्याकाळी, एवढ्या भांडवलावर सुरुवात होते.

आधी ठिपका का भटकतो ते बघा

फोन घेऊन अंगणात उभे राहा, नकाशा उघडा. ठिपक्याभोवतीचं फिकट निळं वर्तुळ लहान असेल. आता सोप्यात या, मग माजघरात, मग जिन्याखाली. वर्तुळ फुगत जाईल. फोनला जेवढी खात्री कमी तेवढं ते वर्तुळ मोठं, एवढं लक्षात ठेवा.

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथून निघालेला संदेश जमिनीवर येईपर्यंत फार क्षीण झालेला असतो. उघड्या आभाळाखाली फोन तो कसाबसा पकडतो, पण मध्ये स्लॅब आला की खेळ संपला. खिडकीतून जो थोडाफार आत येतो, तो समोरच्या इमारतीवर आपटून आलेला असतो. वाट लांबल्यामुळे फोनची समजूत चुकते आणि तो आपल्याला रस्त्यावर नेऊन ठेवतो. उपग्रह दिसेनासे झाले की फोन आसपासच्या वाय-फायवरून आणि मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतो. त्यातून फार तर इमारत कळते. मजला आणि खोली कळेल याची खात्री नसते.

मग प्रश्न ठरवा

नवीन मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "सर, किती सेंटीमीटरपर्यंत अचूक येईल?" हा प्रश्न मागाहूनचा. कुणाला, कशासाठी शोधायचं आहे हे आधी ठरवा. मामीसाठी ‘दुसरा मजला, औषधाच्या खिडकीजवळची लिफ्ट’ एवढं पुरलं असतं. तिथं तीन मीटरची चूक चालते, पण मजला चुकला तर काहीच उपयोग नाही. उलट बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत वितळलेलं लोखंड नेणाऱ्या क्रेनखाली कुणी उभं आहे का, हे बघायचं असेल तर एक मीटरची चूकही जीवघेणी.

हे शास्त्र सुरू झालं तेही असल्याच साध्या गरजेतून. 1990 च्या सुमारास इंग्लंडमधल्या केंब्रिजला ऑलिव्हेटी कंपनीच्या प्रयोगशाळेत माणसांच्या छातीवर लावायचा एक बिल्ला तयार झाला. तो दर 15 सेकंदांनी इन्फ्रारेड प्रकाशात आपली खूण सांगायचा आणि खोलीतला सेन्सर ती टिपायचा. हेतू एवढाच, की ऑफिसात फोन आला तर तो कुठल्या खोलीत जोडायचा हे टेलिफोनवर बसणाऱ्याला कळावं. इन्फ्रारेड भिंतीपलीकडे जात नाही, त्यामुळे खोली चुकायची नाही. खोली कळणं म्हणजे काम झालं, ही समज मला आजही मोलाची वाटते.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर तीन ओळी लिहा: कोण शोधणार, कोणाला शोधणार, आणि किती चूक चालेल. या तीन ओळी नसतील तर पुढं पैसे घालू नका.

इमारत हातानं बघा

इमारतीतून एक फेरी मारा आणि भिंतींवर हात ठेवून बघा. शहापूर-वडगावातली, खानापूर तालुक्यातली जुनी घरं जांभ्या दगडाची, वर कौलं. जांभ्याची भिंत जाड असते, दोन खोल्यांमधला फरक वाय-फायला चांगला कळतो. टिळकवाडीकडच्या नव्या अपार्टमेंटमध्ये विटांच्या पातळ भिंती आणि सळ्यांचा स्लॅब. तिथं खोल्या एकमेकींत मिसळतात. कारखान्यात पत्रे आणि लोखंड, तिथं लहरी चेंडूसारख्या उसळतात. लिफ्टची पोकळी, लोखंडी कपाटं, पाण्याची टाकी, आरसे या सगळ्यांवर नकाशात खूण करा.

आपल्याकडे पावसाचं वेगळं सांगायला हवं. जांभा पाणी पितो. मे महिन्यात जी भिंत लहरींना बऱ्यापैकी वाट देते, तीच जुलैत ओली होऊन जास्त अडवते. उन्हाळ्यात घेतलेली मोजणी पावसाळ्यात जशीच्या तशी वापरली तर खोल्या चुकतात. दोनदा मोजा.

नकाशासाठी आर्किटेक्टचं रेखाचित्र मिळालं तर उत्तम, नाहीतर टेपनं मोजून चौकटीच्या कागदावर काढा. दर मजल्याला वेगळं पान. खोलीचं नाव लिहिताना लोक जे म्हणतात तेच लिहा. दारावर ‘रेडिओलॉजी’ असेल, पण माणसं ‘एक्स-रे काढतात तिथं’ असंच विचारतात. माझ्या मते सगळ्या कामात हा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका हाच घाईत उरकला जातो.

पहिला प्रयोग कागदाचा

मशीन घेण्याआधी क्यूआर कोड करून बघा. प्रत्येक जिन्याजवळ, लिफ्टजवळ, मोठ्या दालनाच्या तोंडाशी एकेक कोड चिकटवायचा. फोननं टिपला की ‘तुम्ही पहिल्या मजल्यावर, रक्त तपासणीच्या खिडकीसमोर आहात’ असं मराठी, कन्नड आणि इंग्रजीत उघडतं. वाचता न येणाऱ्यासाठी आवाजही घाला. कागदाला बॅटरी लागत नाही, वीज गेली तरी तो चालतो आणि त्याची जागा शंभर टक्के खरी असते. कोडाखाली मोठ्या अक्षरात एक आकडाही छापा. साधा फोन असलेली आजी तो आकडा फोनवर वाचून दाखवेल आणि तुम्ही तिच्यापाशी पोचाल. आकडे मात्र इंग्रजी, कन्नड आणि मराठी अशा तिन्ही लिपींत छापा.

कमतरता एकच: माणसानं थांबून टिपायला हवं. आपसूक जागा कळावी असं वाटत असेल तर पुढं चला.

घरातल्या वाय-फायवर खोली ओळखा

या पद्धतीला ‘ठसे घेणं’ म्हणू. प्रत्येक खोलीत आसपासच्या वाय-फायचे जोर वेगवेगळे असतात. ते आधी टिपून ठेवायचे आणि नंतर जुळवून बघायचे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 2000 साली ‘रडार’ नावानं हे करून दाखवलं आणि त्यांची चूक साधारण दोन-तीन मीटरच्या घरात होती. आजही शिकायला यासारखा धडा नाही.

फोन अँड्रॉइडच हवा. आयफोन साध्या ॲपला आसपासच्या वाय-फायचे जोर वाचू देत नाही. अँड्रॉइडनंही 9 व्या आवृत्तीपासून लगाम घातला: एका ॲपला दोन मिनिटांत चारच वेळा शोध घेता येतो. तो लगाम काढायला सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, म्हणजे डेव्हलपर पर्याय उघडतात. त्यात वाय-फाय स्कॅनवरचं बंधन बंद करायची कळ असते (नव्या अँड्रॉइडमध्ये). हे न करता बसलात तर आकडे हलतच नाहीत आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. मग वाय-फायचे जोर दाखवणारं कुठलंही मोफत ॲप घ्या.

जोर डीबीएम या एककात दिसतो आणि आकडा ऋण असतो. राउटरशेजारी उणे 40 च्या आसपास, दूर गेलं की उणे 80, उणे 90. शून्याच्या जवळ तेवढा जोरकस.

आमच्या घरी केलेली मोजणी दाखवतो. तीन वाय-फाय घेतले: आमचं, शेजारच्यांचं आणि कोपऱ्यावरच्या दुकानाचं. प्रत्येक जागी वीसेक वेळा मोजून सरासरी काढली. सोप्यात आले उणे 45, उणे 70, उणे 80. माजघरात उणे 58, उणे 76, उणे 88. स्वयंपाकघरात उणे 71, उणे 65, उणे 92. बघा, स्वयंपाकघरात आमचं वाय-फाय मंदावलं पण शेजारच्यांचं वाढलं, कारण त्यांचा राउटर त्याच भिंतीपलीकडे आहे. असे एकमेकांविरुद्ध जाणारे आकडेच खोली ओळखायला उपयोगी पडतात.

नंतर भावाला फोन देऊन सांगितलं, कुठंही जाऊन उभा राहा आणि आकडे ओरडून सांग. त्यानं सांगितले उणे 60, उणे 74, उणे 86. आता प्रत्येक खोलीशी फरक काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि बेरीज. सोप्याशी फरक 15, 4, 6. वर्गांची बेरीज 225 अधिक 16 अधिक 36, म्हणजे 277. माजघराशी फरक 2, 2, 2, बेरीज 12. स्वयंपाकघराशी 11, 9, 6, बेरीज 238. सर्वांत लहान बेरीज माजघराची. भाऊ माजघरातच, देवघराच्या कट्ट्याला टेकून उभा होता. आईनं वही हातात घेऊन ते आकडे दोनदा वाचले.

हे गणित एकदा हातानं करा, मग संगणकाला द्या. नंतर एकाऐवजी जवळच्या तीन नोंदी घेऊन बहुमत घेता येतं.

इथं लोक फसतात ते सांगून ठेवतो. माणसाचं अंग बहुतांश पाण्याचं, आणि वाय-फायच्या लहरी पाणी शोषून घेतं. राउटरकडे तोंड करून मोजलं आणि पाठ करून मोजलं तर आकडा सहज बदलतो, म्हणून प्रत्येक जागी चारी दिशांना वळून मोजा. दुसरं, दोन वेगळ्या कंपनीच्या फोनवर एकाच जागी वेगळे आकडे येतात. तेव्हा थेट आकड्याऐवजी दोन वाय-फायमधला फरक वापरला तर बरं पडतं. तिसरं, शेजाऱ्यानं राउटर हलवला की तुमचे ठसे जुने झाले. आणि लाइट गेली, राउटर बंद पडले, की सगळंच गेलं. सार्वजनिक इमारतीत हे चालणार नाही.

बॅटरीवरचे बीकन

म्हणून पुढची पायरी ब्लूटूथ बीकनची. काडेपेटीएवढी डबी असते आणि ती ठरावीक वेळानं ‘मी अमुक’ एवढंच सांगत राहते. 2013 मध्ये ॲपलनं आयबीकन आणलं तेव्हापासून ही पद्धत रुळली. विद्यार्थ्यांना ब्लूटूथ असलेला ईएसपी32 नावाचा छोटा बोर्ड घेऊन घरीच बीकन करता येतो. आयबीकनच्या संदेशात संस्थेची एक लांब खूण असते आणि ‘मेजर’, ‘मायनर’ असे दोन आकडे. मेजर म्हणजे मजला आणि मायनर म्हणजे खोली असं ठरवून टाका, पुढचा गोंधळ वाचतो.

बीकनच्या जोरावरून अंतर काढायचा मोह टाळा. समजा एक मीटरवर उणे 59 येतात आणि तुम्हाला दिसले उणे 79. मोकळ्या जागेच्या सूत्रानं उत्तर येतं 10 मीटर. भिंती आणि गर्दी धरून सूत्र बदललं तर तोच आकडा साडेचार मीटरच्या आसपास सांगतो. दोन्ही उत्तरं गणितानं बरोबर! म्हणून अंतर सोडा. ‘सध्या सगळ्यांत जोरात कुठला बीकन ऐकू येतो’ एवढंच विचारा आणि सलग तीन-चार वेळा तोच आला तरच जागा बदलली असं माना.

बीकन माणसांच्या डोक्याच्या वर लावा, म्हणजे गर्दीचा अडथळा कमी होतो. लोखंडी चौकटीवर लावू नका. डबीवर तारीख लिहून ठेवा, कारण सहा महिन्यांनी बॅटरी कुणी बदलली होती हे कुणालाच आठवत नाही.

मजला वेगळा मोजा

स्लॅबमधून लहरी थोड्याफार झिरपतात, त्यामुळे वाय-फाय आणि बीकन मजल्याच्या बाबतीत फसवतात, विशेषतः जिन्यात. इथं हवेचा दाब मदतीला येतो. बऱ्याच फोनमध्ये दाबमापक असतो. बेळगावच्या उंचीवर साधारण नऊ मीटर चढलं की दाब एक हेक्टोपास्कलनं (हे दाब मोजायचं एकक) उतरतो, म्हणजे एका मजल्याला साधारण एक तृतीयांश. बीएमपी280 सारखा स्वस्त सेन्सरसुद्धा एक मीटरच्या आसपासचा चढउतार ओळखतो.

अडचण अशी, की हवेचा दाब दिवसभर आपणहून बदलत असतो. आपल्या पट्ट्यात सकाळी दहाच्या सुमारास तो चढलेला आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला असतो. हा फरक दोन-तीन हेक्टोपास्कल असू शकतो. तुम्ही खुर्चीत बसून राहिलात तरी फोनच्या हिशेबानं सहा ते नऊ मजले चढलात. यावर उपाय सोपा आहे: तळमजल्यावर एक सेन्सर कायमचा ठेवा आणि फोनचा दाब त्याच्याशी ताडून बघा. हवा दोघांसाठी सारखीच बदलते, उरतो तो फक्त उंचीचा फरक.

चालण्यावरून जागा काढण्याचंही एक तंत्र आहे. पावलं मोजायची, वळणं टिपायची. चुका साठत जातात, दोन-तीन मिनिटांत अंदाज भरकटतो. एकटं वापरू नका; दोन बीकनमधली मोकळी जागा भरायला ते चांगलं.

फाउंड्रीसाठी वेगळं हत्यार

उद्यमबागेतल्या शेडमध्ये वर सांगितलेलं काहीच धड चालत नाही. तिथं अल्ट्रा-वाइडबँड लागतं, ज्याला यूडब्ल्यूबी म्हणतात. हे तंत्र जोर मोजत नाही, वेळ मोजतं. लहर एका नॅनोसेकंदात सुमारे 30 सेंटीमीटर जाते. जाऊन परत यायला किती वेळ लागला ते कळलं की अंतर कळलं. लहर फार आखूड ठोक्यांची असल्यामुळे थेट आलेली आणि लोखंडावर आपटून आलेली वेगळी ओळखता येते. समोर अडथळा नसेल तर चूक 10 ते 30 सेंटीमीटर. काही महागड्या फोनमध्ये ही चिप 2019 पासून येऊ लागली, पण कामगाराच्या हेल्मेटवर टॅग म्हणून वेगळी छोटी डबीच लावावी लागते.

छताजवळ किमान तीन अँकर (टॅगशी बोलणारी, जागेवर पक्की बसवलेली यंत्रं), उंचीही हवी असेल तर चार. ते एका ओळीत लावू नका, कोपऱ्यांत पसरा. टॅग आणि अँकरच्या मध्ये भट्टी आली तर अंतर नेहमी खऱ्यापेक्षा जास्तच येतं, कधी कमी येत नाही. या एकाच गोष्टीवरून चुकीची मोजणी गाळता येते. खर्च बराच आहे, पण भट्टीशेजारी माणूस उभा असताना तिथं खर्चाचा विचार मागं ठेवावा असं मला वाटतं.

विचारल्याशिवाय कुणाला शोधू नका

माणूस कुठं आहे हे कळणं म्हणजे तो कुणाशी बोलला, किती वेळ थांबला, कुठल्या डॉक्टरकडे गेला हेही कळणं. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि 2023 मध्ये व्यक्तिगत माहितीचा कायदा आला. कायदा नसता तरी विचारणं आपलं कामच होतं. शक्यतो जागेचा हिशेब माणसाच्या स्वतःच्या फोनमध्येच व्हावा, सर्व्हरवर जाऊ नये. बीकनचा हा मोठा गुण आहे: तो फक्त बोलतो, कुणाचं ऐकत नाही. कामगारांना टॅग द्यायचा तर त्यांच्या भाषेत समजावून सांगा, पाळी संपली की टॅग बंद, स्वच्छतागृहात अँकर नाही, नोंदी ठरावीक दिवसांनी पुसायच्या. हजेरी किंवा पगार कापण्यासाठी तीच नोंद वापरली गेली, तर उद्या कुणी टॅग घालणार नाही आणि अपघाताच्या वेळी शोधायलाही काही उरणार नाही.

हे सगळं उभं होईपर्यंत घरच्यांना आजच एक सवय लावा. आणीबाणीच्या 112 ला फोन केला किंवा लोकेशन पाठवलं, की सोबत इमारतीचं नाव, मजला आणि जवळची एक न हलणारी खूण बोलून सांगायची.

तपासणी

ज्यानं यंत्रणा बसवली त्यानं तपासायची नाही. त्याला इमारत पाठ असते. गावाकडून पहिल्यांदाच आलेल्या कुणाला तरी विनंती करा, त्यांच्या हातात त्यांचाच फोन द्या आणि इमारतीत हवं तिथं जाऊ द्या. तुम्ही दाराशी घड्याळ घेऊन बसा. दर वेळी लिहा: यंत्रणेनं कुठं सांगितलं, माणूस कुठं होता, पोचायला किती वेळ लागला. मजला चुकला तर ती नोंद लाल शाईनं. गर्दीच्या वेळी एकदा, दुपारच्या शांततेत एकदा, लाइट घालवून एकदा.

मी आता एका शाळेच्या इमारतीत हे बसवतो आहे. पहिली चाचणी घ्यायला मामीलाच बोलावलं आहे. ती येत्या बाजारच्या दिवशी सकाळच्या गाडीनं येणार आहे.